भाषांतर तपासताना चुकांचे वर्ग गोव्याच्या मराठीला कसे बसवावेत

“मुंडकरांनी आपले अर्ज तहसीलदारांकडे सादर करावेत.”

हे वाक्य सावकाश वाचा. व्याकरण चोख आहे, सरकारी सूचनेचा बाजही सांभाळलेला आहे. पुण्यातल्या एखाद्या तपासनिसाने ते बरोबर म्हणून पुढे ढकलले, तर त्याला बोल लावता येणार नाही. पण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या ज्या माणसाचे घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत उभे आहे, त्याच्या हाती हा कागद पडला तर? तो मुंडकार आहे. त्याला त्या घरातून कुणी हुसकावू नये म्हणून १९७५ चा कायदा आहे. ‘मुंडकर’ वाचून त्याला वाटेल, हे कुणाचे तरी आडनाव असावे. आणि अर्ज घेऊन जायचे ते मामलेदाराकडे. एक काना गळाला, एक पदनाम शेजारच्या राज्यातून आले, आणि ज्याच्यासाठी कागद काढला त्यालाच तो लागू पडेना.

आता ‘मुंडकर’ ही चूक कुठल्या वर्गात टाकाल? चुकांचे वर्ग आणि त्यांना कापायचे गुण यांची हाती आलेली तयार यादी पाहिलीत तर ‘शुद्धलेखन, किरकोळ, १ गुण’ अशी नोंद होईल. इथेच यादी आपल्या कामाला बसवून घेण्याची गरज सुरू होते. मी फोंड्यात बसून इंग्रजीतून आणि कोकणीतून मराठीत आलेला मजकूर तपासतो. या कामाला नव्याने बसणारी मुले-मुली मला जे विचारतात, ते इथे क्रमाने लिहिले आहे.

पहिली पायरी: कागद कुणाचा, वाचणार कोण

यादीला हात लावण्याआधी एक ओळ लिहून ठेवा: मजकूर कसला, कुणी वाचायचा, आणि वाचून त्याने काय करायचे. ‘पाणीपुरवठ्याची सूचना; बार्देशातले घरमालक; कुठल्या दिवशी पाणी भरून ठेवायचे ते कळावे.’ एवढे पुरे. ही ओळ नसेल तर पुढचे सगळे निर्णय हवेत राहतात.

गोव्यात ही ओळ जास्तच महत्त्वाची. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामांसाठी मराठी वापरण्याचीही मुभा राहिली. त्यामुळे इथला मराठी कागद चार बाजूंनी ओढला जातो. मूळ मजकूर बहुधा इंग्रजी. वाचणाऱ्याच्या तोंडी दिवसभर कोकणी. जमीन, वारसा, गावकारभार यांचे कितीतरी शब्द पोर्तुगीज काळातले. आणि ‘प्रमाण मराठी कार्यालयीन भाषा’ म्हणून डोळ्यांपुढे नमुना असतो तो महाराष्ट्राचा. चारही बाजूंनी चुका येतात आणि त्या एकमेकींसारख्या नसतात.

म्हणून दुसरी ओळ लिहा: आपली मोजपट्टी कुठली मराठी? ‘गोव्यात लिहिली-वाचली जाणारी प्रमाण मराठी’ असे उत्तर असेल, तर ते चुका नोंदवायच्या शीटच्या माथ्यावर लिहा. नाहीतर तपासणारा जिथला, तिथली मराठी आपोआप मोजपट्टी होऊन बसते.

दुसरी पायरी: सांगाडा उसना घ्या, घर आपले बांधा

शून्यापासून यादी करत बसू नका. तयार सांगाडे आहेत. लोकलायझेशनच्या, म्हणजे मजकूर आणि उत्पादने स्थानिक भाषेत आणण्याच्या, धंद्यात लिसा या संस्थेची पद्धत बरीच वर्षे चालली. ती संस्था २०११ मध्ये बंद झाली. मोटार उद्योगाने आपल्या दुरुस्ती-पुस्तिकांसाठी २००१ साली जे-२४५० हे मानक काढले. त्यात जेमतेम सात वर्ग आहेत: चुकीची संज्ञा, वाक्यरचना, गाळलेला मजकूर, शब्दरूप व मेळ, शुद्धलेखन, विरामचिन्हे आणि इतर. पुढे २०१२ ते २०१४ या काळात युरोपीय संघाच्या पैशातून चाललेल्या एका प्रकल्पात एमक्यूएम (मल्टिडायमेन्शनल क्वालिटी मेट्रिक्स) ही चौकट उभी राहिली आणि आज बहुतेक जण तीच धरून चालतात. २०२४ मध्ये भाषांतराच्या मूल्यमापनासाठी आयएसओ ५०६० हे मानकही आले.

एमक्यूएमचे मुख्य वर्ग सात आहेत. मी ते मराठीत असे लिहितो: संज्ञा, अर्थाची अचूकता, भाषेचे नियम, शैली, प्रदेशाचे संकेत, वाचकाला साजेसेपणा, आणि मांडणी. त्यांच्या पोटात मिळून शंभरावर उपवर्ग निघाले होते. ते सगळे वापरावेत अशी ते करणाऱ्यांचीही अपेक्षा नव्हती. हवे ते उचला, नको ते सोडा, लागेल ते जोडा, असेच त्यांचे म्हणणे. तरीही शंभर उपवर्गांची शीट जशीच्या तशी पाठवणारे भेटतात. अशा शीटवर काम करणारा तासाभरात थकतो आणि जे पहिले दिसेल ते निवडू लागतो. माझ्या हिशेबाने एका कामाला बारा ते पंधरा उपवर्ग पुष्कळ झाले.

तिसरी पायरी: चुका आधी गोळा करा, नावे मागाहून द्या

नवखे लोक ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्यायला हवा. तुमच्या खऱ्या मजकुरातली दोनतीनशे वाक्ये घ्या, मूळ शेजारी ठेवा आणि यादी न बघता वाचत जा. जिथे अडाल तिथे साध्या मराठीत लिहा: ‘गावाचे नाव इंग्रजीवरून वाचले’, ‘हे हिंदीसारखे वाटते’, ‘याचा अर्थ उलटा झाला’. वर्गाचे नाव देऊ नका.

मग त्या नोंदींचे ढीग लावा. ढीग लावताना मी एकच प्रश्न विचारतो: ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून कुणी काय बदलायचे? शब्दसूची (कामासाठी ठरवलेल्या शब्दांची यादी) बदलायची असेल तर एक ढीग. भाषांतरकाराशी बोलायचे असेल तर दुसरा. फॉन्ट किंवा सॉफ्टवेअरवाल्याला सांगायचे असेल तर तिसरा. दोन प्रकारच्या चुकांवर उपाय एकच असेल तर त्यांना दोन नावे देऊ नका. उलट एकाच नावाखाली दोन वेगळे उपाय दडले असतील, तर ते नाव फोडा.

चौथी पायरी: इथे लागणारे उपवर्ग

हे ढीग लावल्यावर मला जे उपवर्ग दर वेळी लागले, ते सांगतो.

गावांची नावे. याला वेगळा उपवर्ग द्याच. गोव्यातल्या नावांचे रोमन लेखन पोर्तुगीज वळणाचे आहे. शेवटचा ‘एम’ तिथे फक्त अनुनासिकाची खूण असतो. यंत्राला किंवा बाहेरच्या भाषांतरकाराला हे ठाऊक नसते. मग डिचोलीचे ‘बिचोलिम’ होते, साखळीचे ‘सांक्वेलिम’, म्हापशाचे ‘मापुसा’, फोंड्याचे ‘पोंडा’, केप्याचे ‘क्वेपेम’. पेडणे, कुडचडे, चोडण, थिवी, शिवोली, सगळ्यांची हीच गत. उपाय एकदाच करायचा आहे: बारा तालुके आणि त्यांतली गावे यांची देवनागरी यादी करून शब्दसूचीत घालणे. म्हणून हा ढीग शुद्धलेखनापासून वेगळा.

त्याला लागूनच सामान्यरूप. महाराष्ट्रातही ही चूक होते, पण गावांच्या नावांत ती इथे फार सलते. ‘गोवामध्ये’, ‘फोंडात’, ‘म्हापसाला’ असे लिहिलेले वाचले की कान उभे राहतात. गोव्यात, फोंड्यात, म्हापशाला, पेडण्याहून, असे हवे. काही नावांत लोक दोन्ही रूपे बोलतात. ‘केपेत’ की ‘केप्यात’ यावर भांडत बसण्यापेक्षा एक ठरवा आणि सूचीत नावापुढेच सप्तमीचे रूप लिहून ठेवा. सामान्यरूपाचा उपवर्ग ‘भाषेचे नियम’ या मुख्य वर्गात ठेवा. इंग्रजीसाठी केलेल्या यादीत तो सापडणार नाही, कारण इंग्रजीला त्याची गरज पडत नाही.

गोव्याच्या कायद्याच्या आणि गावकारभाराच्या संज्ञा. मुंडकार, कूळ, भाटकार, कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन), मानस (त्या बांधातले पाणी सोडण्या-अडवण्याचे दार). ‘मुंडकार’च्या जागी ‘भाडेकरू’ आले की वाक्य सुरळीत वाचले जाते, म्हणूनच ते धोक्याचे. भाडेकरूचे हक्क वेगळ्या कायद्याने ठरतात, मुंडकाराचे वेगळ्या. ‘कोमुनिदाद’ला इथे ‘गावकरी’ असाही शब्द आहे, पण महाराष्ट्रातला वाचक ‘गावकरी’ म्हणजे गावातली माणसे असे वाचील. पहिल्या पायरीतली वाचकाची ओळ इथे कामाला येते: गोव्यातल्या वाचकासाठी चालेल, बाहेरच्यासाठी नाही. जमिनीच्या कागदाचेही तेच. इथे फॉर्म १ व १४ असतो. त्याचा ‘सातबारा’ केला की अर्ज करणारा भलतेच मागत फिरेल.

इथल्या जगण्यातले शब्द. इंग्रजीत ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणाला ‘फीस्ट’ हा जो शब्द वापरतात, तोच शब्द जेवणावळीलाही आहे. त्यामुळे जुने गोव्यातल्या फेस्ताची ‘मेजवानी’ झालेली मी तपासताना पाहिली आहे. किनाऱ्यावरच्या शॅकची, म्हणजे तात्पुरत्या खानावळीची, ‘झोपडी’ होते आणि ‘झोपड्यांना परवाने’ अशी सूचना तयार होते. चतुर्थीच्या मजकुरात माटोळीचे ‘मखर’ होते. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली रानफळांची, भाज्यांची, पानाफुलांची चौकट. मखर म्हणजे मूर्तीभोवतीची आरास. दोन्ही एका घरात असतात, पण वस्तू दोन. ही चूक ‘अर्थाची अचूकता’मध्ये जाईल की ‘संज्ञा’मध्ये? माझा नियम असा: शब्द सूचीत असून वापरला नाही तर ‘संज्ञा’, सूचीतच नव्हता आणि अर्थ चुकला तर ‘अर्थ’, आणि त्याच दिवशी तो शब्द सूचीत घालायचा.

कोकणीचे सारखे दिसणारे शब्द. कोकणीतून मराठीत येताना यंत्रापेक्षा माणूसच जास्त फसतो, कारण शब्द ओळखीचा वाटतो. कोकणीत ‘शीत’ म्हणजे भात. मराठीत भाताचा एक दाणा. कोकणीत ‘नुस्तें’ म्हणजे मासळी; घाईत वाचणाऱ्याला ते मराठी ‘नुसते’ वाटते. ‘भाट’ म्हणजे माडांची बाग. महाराष्ट्रातल्या वाचकाला भाट म्हणजे स्तुती गाणारा. कोकणी मूळ असेल तेव्हाच हा उपवर्ग उघडा. इंग्रजीवरून काम असेल तर रकाना लपवून ठेवा.

हिंदीची छाप. ‘विभागाद्वारे परवाने प्रदान केले जातात.’ चूक दाखवा म्हटले तर बोट कुठे ठेवायचे कळत नाही, पण असे कुणी बोलत नाही. ‘खाते परवाने देते’ एवढेच म्हणायचे आहे. ही शैलीची चूक, एकेकटी किरकोळ. पण पानभर अशीच वाक्ये असली तर वाचक अर्ध्यावर कागद ठेवून देतो, म्हणून मी तिची संख्या वेगळी मोजतो.

मांडणीतल्या दोन गोष्टींवर डोळा ठेवा. काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात. आणि ‘र्य’ व ‘ऱ्य’ यांची गफलत. ‘दर्या खवळलेला राहील’ या इशाऱ्यात ‘दऱ्या’ आले तर समुद्राच्या जागी डोंगरातल्या दऱ्या येतात. हे टंकणाऱ्याच्या कळफलकामुळे झाले की भाषांतरकाराच्या अज्ञानामुळे, ते विचारून मगच वर्ग द्या.

पाचवी पायरी: चूक नसलेल्याला वेगळा रकाना

याविषयी मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. काही वर्षांपूर्वी राज्याबाहेरच्या एका कंपनीने माझी फाइल लाल करून परत पाठवली. ‘खाते’ खोडून ‘विभाग’ केले होते, ‘मामलेदार’ खोडून ‘तहसीलदार’, ‘पंच’ खोडून ‘ग्रामपंचायत सदस्य’. जमिनीचे क्षेत्र ६०० चौरस मीटर होते, त्याचे ‘सुमारे सहा गुंठे’ केले होते. शेवटच्या बदलाने तर मूळ आकडाच हरवला. इथल्या कागदावर चौरस मीटर असतात आणि अर्जातला आकडा त्याच्याशी तंतोतंत जुळावा लागतो. माझा गुण घसरला याचे वाईट वाटलेच. पण त्याहून वाईट वाटले ते याचे, की तो मजकूर तसाच छापला गेला असता तर ज्याच्यासाठी होता त्याला परका वाटला असता.

एमक्यूएममध्ये तीव्रतेची एक पायरी ‘तटस्थ’ अशी आहे. तिचा दंड शून्य. तिचा उपयोग करा. शीटमध्ये ‘स्थानिक रूप’ असा टॅग ठेवा आणि त्याचा गुण नेहमी ०. तपासणाऱ्याला शब्द अनोळखी वाटला तर त्याने खोडायचा नाही, हा टॅग लावून विचारायचे. वीज खाते, पंच, मामलेदार, कुळागर, फेस्त, चवथ असे शब्द हळूहळू तिथे जमतात. महिन्याभराने तीच तुमची गोव्याच्या मराठीची शब्दसूची होते. महाराष्ट्रातला तपासनीस असला तरी त्याचे काम अडत नाही आणि आपल्या भाषेवर रेघ पडत नाही.

सहावी पायरी: तीव्रता

वर्ग सांगतो चूक कसली. तीव्रता सांगते तिने काय बिघडले. दोन्ही एकत्र कालवू नका. ‘शुद्धलेखन म्हणजे किरकोळ’ असा नियम कधीही लिहू नका, वरचा ‘मुंडकर’ आठवा.

मी चार पायऱ्या ठेवतो आणि प्रत्येकीपुढे प्रश्न लिहितो. वाचक अडत नाही, फक्त खटकते: किरकोळ, १. वाचकाला पुन्हा वाचावे लागते किंवा चुकीचे कळते: मोठी, ५. जमीन, पैसा, तब्येत, जीव किंवा कायदेशीर हक्क यांना धक्का लागू शकतो: गंभीर, २५. आणि तटस्थ, ०. हे गुण एमक्यूएमच्या नमुन्यातलेच आहेत; तुमच्या कामाला जड वाटले तर बदला, पण कामाच्या मध्यावर बदलू नका.

एकच चूक दोन कागदांत दोन तीव्रतांची असते. पर्यटकांच्या पत्रकात ‘बिचोलिम’ आले तर मी मोठीसुद्धा म्हणणार नाही. रस्ता बंद असल्याच्या सूचनेत आले तर मोठी.

सातवी पायरी: दोघांनी वेगवेगळे तपासा

यादी तयार झाली की पन्नासेक परिच्छेद दोघांना द्या. शेजारी बसून नाही. एकमेकांचे न बघता. मग जुळवा. दोघे जिथे वेगळे गेले तिथे सहसा माणसे चुकलेली नसतात, व्याख्या ढिली असते. ‘गोवात’ला एकाने शुद्धलेखन म्हटले, दुसऱ्याने सामान्यरूप. यावर आमचा निर्णय असा झाला: मूळ शब्दच चुकीचा लिहिला असेल तर शुद्धलेखन, मूळ शब्द बरोबर, पण प्रत्यय लावताना रूप बदलले नसेल तर सामान्यरूप. हा निर्णय शीटमध्ये उदाहरणासह गेला आणि पुन्हा वाद झाला नाही.

तरीही काही चुका दोन घरांत बसतात. मोटारवाल्यांच्या जे-२४५० मध्ये यासाठी दोन नियम आहेत: वर्गाबद्दल शंका असेल तर यादीत जो आधी येतो तो घ्या, तीव्रतेबद्दल शंका असेल तर जास्त गंभीर ती घ्या. म्हणजे यादीचा क्रमही विचार करून लावायला हवा. मी संज्ञा आणि अर्थ सगळ्यात वर ठेवतो, मांडणी तळाशी.

जुळणीचे प्रमाण काढायचे तर ‘कप्पा’ (kappa) हा संख्याशास्त्रातला आकडा वापरतात. योगायोगाने जुळलेले तो वजा करतो. लहान कामाला मी तो काढत नाही, न जुळलेली वाक्ये समोर ठेवून बोलतो.

आठवी पायरी: गुण

हिशेब सोपा आहे. समजा ५०० शब्दांत ६ किरकोळ आणि २ मोठ्या चुका निघाल्या. ६ अधिक १० म्हणजे १६. हजार शब्दांना ३२. शंभरपैकी हवे असेल तर ९६.८.

पण शब्द मोजायचे ते मूळ मजकुरातले. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. इंग्रजीत तीन शब्दांत येणारे ‘कार्यालयात’ आपल्याकडे एका शब्दात बसते. मराठीतले शब्द मोजलेत तर भाजक लहान होतो आणि तेवढ्याच चुकांना गुण कमी पडतात.

तीच चूक चौदा वेळा आली तर? मी गुण एकदाच कापतो आणि शेजारी ‘१४ वेळा’ लिहितो. दर वेळी गुण कापण्याची पद्धतही चालते, फक्त आधी लिहून ठेवा. आणि गंभीर चूक एक जरी असली तरी एकूण गुण काहीही असोत, मजकूर परत पाठवायचा. ९८ गुणांच्या सूचनेत औषधाचे प्रमाण चुकलेले असेल तर ते ९८ कुणाच्या उपयोगाचे?

शीट कशी दिसते

प्रत्येक उपवर्गाला एक ओळ: नाव, एका वाक्यात व्याख्या, चुकीचे उदाहरण, बरोबर उदाहरण, ‘यात काय येत नाही’, आणि दुरुस्ती कुणी करायची. शेवटचे दोन रकाने लोक टाळतात. मला तेच सर्वांत उपयोगी पडले आहेत. माझ्या शीटमधली एक ओळ जशीच्या तशी देतो:

‘गोव्यातली संज्ञा. कायदा, जमीन वा गावकारभार यांतला इथला शब्द बदलला, मोडला किंवा बाहेरचा आणला. चूक: मुंडकरांनी तहसीलदारांकडे. बरोबर: मुंडकारांनी मामलेदारांकडे. यात येत नाही: गावांची नावे, बरोबर असलेली पण तपासणाऱ्याला अनोळखी असलेली रूपे. दुरुस्ती: शब्दसूची सांभाळणारा; भाषांतरकाराला कळवणे.’

शीटच्या नावात तारीख घाला. नवा प्रकारचा मजकूर आला, म्हणजे सूचनांनंतर एखादे देवस्थानचे पत्रक किंवा मोबाइलवरचे अॅप, की तिसऱ्या पायरीवर परत जा आणि आधी शंभर वाक्ये यादी न बघता वाचा. अॅपला ‘सादर करावेत’ चालत नाही, तिथे ‘भरा’, ‘पाठवा’ लागते. त्यासाठी ‘वाचकाला साजेसेपणा’ हा वर्ग, जो सूचनांच्या कामात मी जवळजवळ रिकामा ठेवला होता, तो तिथे उघडावा लागला.